उपवासाचा ताळेबंद

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावरून दरवर्षी आम्ही आपणांसमोर जमाखर्च मांडतो. खाटा किती, शस्त्रक्रिया किती, देणगीची रक्कम कोठे खर्ची पडली, हा सारा तपशील अहवालाच्या पुढील पानांवर छापलेला आहेच. त्याचे वाचन करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. यंदा विश्वस्तांनी आम्हांला एका वेगळ्याच विषयावर बोलण्याची आज्ञा केली. तो विषय म्हणजे वजन उतरविण्यासाठी व आरोग्यासाठी केले जाणारे दीर्घ उपवास.

आम्ही वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, रुग्णालयात येणाऱ्या व येथून घरी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाशी नोंदणीच्या आणि बिलाच्या खिडकीवर आमची गाठ पडते. डॉक्टरांना न सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी तेथे सहजगत्या बोलल्या जातात. शिवाय आम्ही स्वतः एक दीर्घ उपवास केलेला आहे. या भाषणातील वैद्यकीय तपशील मात्र आमच्या डॉक्टर मंडळींनी तपासून दिला आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

उपवास आपणांस नवा नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र. आपले पंचांगच उपवासांनी भरलेले आहे. तथापि महाराष्ट्रातील बहुतेक घरांत हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस येतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा परक्याने रचलेली नाही. ती आपणच आपल्यावर केलेली थट्टा आहे. श्रद्धेच्या दृष्टीने हा उपवास खराच, परंतु शरीराच्या दृष्टीने तो केवळ पदार्थांतील बदल होय.

आपल्या जैन बंधुभगिनींचा उपवास निराळा. श्वेतांबर परंपरेत पर्युषणकाळी केवळ उकळून निववलेले पाणी, तेही दिवसाउजेडीच घ्यायचे, असे आठ दिवस केल्यास त्यास अठ्ठाई म्हणतात. महिनाभर केल्यास मासखमण. तिसरा प्रकार निसर्गोपचार केंद्रांतील रसोपवासाचा. महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले व पुढे मणिभाई देसाई यांनी ते वाढविले, हे आपण जाणताच. आणि चौथा प्रकार गेल्या काही वर्षांतला. मोबाईलवर एखादे भाषण ऐकून, कोणासही न सांगता, केवळ पाण्यावर पाच, दहा, पंधरा दिवस राहण्याचा. या चारही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. हा एक शब्द आमच्या अपघात विभागात किती घोटाळा करतो, ते पुढे सांगू.

प्रथम हिशेब. शरीराच्या वहीत तीन प्रकारची शिल्लक असते. पहिली रोकड, म्हणजे यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात. हा साठा सुमारे अर्धा किलोच असतो, आणि त्यातील यकृताचा वाटा जेमतेम एक दिवस पुरतो. दुसरी मुदत ठेव, म्हणजे चरबी. तिसरी शिल्लक म्हणजे आपण राहतो ते घरच. स्नायू व इतर अवयवांतील प्रथिने. हृदय हाही एक स्नायूच आहे, हे येथे विसरून चालत नाही.

उपवास सुरू झाला की आधी रोकड संपते. मग शरीर ठेव मोडू लागते. चरबीपासून यकृत कीटोन नावाचे पदार्थ बनविते आणि मेंदूही हळूहळू त्यांवर चालू लागतो. पण ही व्यवस्था बसेपर्यंतच्या पहिल्या दिवसांत घराच्या विटाही बऱ्यापैकी काढल्या जातात. पुढे हा वेग मंदावतो. थांबत मात्र नाही.

आता वजनाच्या काट्याकडे पाहू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाचा दिवसाचा खर्च १,८०० ते २,००० कॅलरींच्या आसपास. म्हणजे पोटात अन्नाचा कणही गेला नाही तरी एक किलो चरबी जाळण्यास सुमारे चार दिवस लागतात आणि दहा दिवसांत अडीच किलो. काटा मात्र सहा-सात किलो उतरल्याचे दाखवितो. मधली तफावत कसली? ग्लायकोजेनबरोबर त्याच्या तिपटीएवढे पाणी बांधलेले असते, ते निघून जाते. मिठाबरोबर आणखी पाणी जाते. आतडी रिकामी होतात. आणि काही भाग स्नायूंचा असतो. पाणी व मीठ जेवण सुरू होताच परत येतात. ज्या उताऱ्यावर मनुष्य हुरळून जातो, त्यातील मोठा भाग असा हातउसना असतो. कोणत्याही हिशेबनिसाने ही रक्कम नफ्यात धरली नसती.

आमचा स्वतःचा अनुभव याच हिशेबाशी जुळणारा आहे. २०१४ साली, वजन ८४ किलो आणि रक्तदाबाची गोळी सुरू अशा अवस्थेत, आम्ही एका निसर्गोपचार केंद्रात बारा दिवस राहिलो. जाण्यापूर्वी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी नेली होती. पहिले दोन दिवस फळे व उकडलेल्या भाज्या, नंतर सात दिवस केवळ फळांचे व भाज्यांचे रस, पाणी आणि मध-लिंबू, व शेवटचे तीन दिवस उपवास सोडण्याचे, असा क्रम होता. प्रवेश घेतानाच आम्ही सवयीने दरपत्रक वाचले आणि विचारले, ‘‘डॉक्टर, उपवास सात दिवसांचा, तर शुल्क बारा दिवसांचे का?’’ तेथील वृद्ध डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘साहेब, उपवास तुम्ही घरीही कराल. आम्ही पैसे घेतो ते सोडविण्याचे.’’ त्या वेळी हे उत्तर आम्हांला केवळ चतुर वाटले. त्याचा अर्थ या रुग्णालयाने पुढे आम्हांला पुन्हा पुन्हा समजावून दिला.

रसाच्या दुसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले. ते बरेचसे चहा सुटल्यामुळे, असे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी मनुष्य चिडका होतो. शेजारच्या वस्तीतून येणारा फोडणीचा वास आम्हांला वैयक्तिक अपमानासारखा वाटला. चौथ्या दिवसापासून भूक आश्चर्यकारक रीतीने शांत झाली. अंग हलके वाटले, झोप कमी पण सावध झाली, आणि दिवस फार मोठा असतो असे लक्षात आले. आपला किती वेळ खाण्याच्या विचारात जातो, हे खाणे थांबल्याखेरीज कळत नाही. रोज सकाळी व सायंकाळी रक्तदाब मोजला जात असे. पाचव्या दिवशी तो इतका खाली आला की गोळी निम्मी करण्यात आली. घरी असतो तर ती गोळी आम्ही नेमाने पूर्ण घेतली असती, आणि स्नानगृहात उठताना चक्कर येऊन पडण्याचा संभव होता.

बाराव्या दिवशी वजन साडेएकोणऐंशी किलो भरले. महिनाभराने ते ८२ वर स्थिरावले. साडेचार किलोंपैकी अडीच परत आले आणि दोन राहिले. त्या दोन किलोंचे श्रेय उपवासाला जेवढे, तेवढेच त्यानंतर सोडलेल्या रात्रीच्या उशिराच्या जेवणाला आणि संध्याकाळच्या चालण्याला आहे. लाभ झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. तो आमच्या अपेक्षेहून लहान होता आणि त्याच्या मागे रोज दोन वेळा कोणीतरी आमची नाडी पाहत होते, एवढेच सांगावयाचे आहे.

आता या वास्तूतील तीन अनुभव. कोणाचीही ओळख पटू नये इतपत तपशील आम्ही वगळला आहे.

पहिला अनुभव एका निवृत्त गृहस्थांचा. मधुमेहासाठी ते ग्लिमेपिराईडची गोळी घेत. नवरात्रात त्यांनी केवळ पाण्यावर राहण्याचा संकल्प केला. ‘गोळी कधीही चुकवू नका’ हे डॉक्टरांचे शब्द त्यांनी निष्ठेने पाळले. तिसऱ्या दिवशी पहाटे घामाने निथळलेले, अर्धवट बेशुद्ध, असे त्यांना मुलाने आणले. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेते. अन्न आले की नाही, याची ती चौकशी करीत नाही. शिरेतून साखर दिल्यावर ते लगेच बोलू लागले. कुटुंबीयांनी घरी नेण्याची घाई केली, परंतु या गोळीचा परिणाम रेंगाळतो व साखर पुन्हा घसरते, म्हणून त्यांना देखरेखीखाली ठेवावे लागले. ते सुखरूप घरी गेले. आज्ञाधारक रुग्णसुद्धा धोक्यात येऊ शकतो, कारण त्याला मिळालेली आज्ञा जेवणाऱ्या माणसासाठी होती, हा बोध त्यांनीच आम्हांला दिला.

दुसरा अनुभव एका चाळिशीतील गृहिणीचा. लेकीच्या साखरपुड्यापूर्वी वजन उतरावे म्हणून त्यांनी पंधरा दिवस निव्वळ पाण्यावर काढले. घरात स्वयंपाक त्याच करीत, सर्वांना वाढीत, आणि ‘माझे आधी झाले’ असे सांगत. साखरपुड्याच्या दिवशी श्रीखंड-पुरीवर उपवास सुटला. तिसऱ्या दिवशी पावलांना सूज, धाप आणि छातीत धडधड अशा स्थितीत त्या आल्या. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारले, ‘‘काही उपवास वगैरे?’’ नातेवाईक म्हणाले, ‘‘उपवास असतातच त्यांचे.’’ या उत्तरातून साबुदाण्याखेरीज काय समजावे? रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम व फॉस्फेट अतिशय खाली आलेले दिसले, आणि त्याच सुमारास आमच्या एका सिस्टरांनी सासूबाईंना बाजूला बसवून निवांत विचारले, ‘‘आजी, सूनबाई शेवटच्या पोटभर जेवल्या कधी?’’ तेव्हा आजींना रडू आले. सूनबाईंचे ताट रोज कोरडे असते, हे एकट्या त्यांच्याच लक्षात आले होते. पण लग्नघरात विषय नको म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून बाई बऱ्या झाल्या. बिलाच्या खिडकीवर त्यांचे यजमान आम्हांला म्हणाले, ‘‘साहेब, पंधरा दिवस उपाशी होती तेव्हा ठणठणीत होती. खाल्ल्यावरच कसे झाले?’’

हा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर प्रत्येक घरात माहीत असावयास हवे. दीर्घ उपवासात शरीरातील पोटॅशियम, मॅग्नेशियम व फॉस्फेट यांचे साठे आतून रिकामे होतात. तरी रक्तातील आकडे बऱ्याचदा ठीक दिसतात, कारण कारखाना बंद असतो आणि मागणीच नसते. मग अचानक गोड व पिष्टमय अन्न आले की इन्शुलिन उसळते, सर्व पेशी एकदम कामाला लागतात आणि हे क्षार रक्तातून स्वतःकडे ओढून घेतात. गोदाम रिकामे असताना सर्व शाखांची मागणी एकाच सकाळी यावी, तसे होते. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, अंगात पाणी साठते. ब-१ जीवनसत्त्व संपलेले असल्यास मेंदूलाही इजा पोहोचते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या उपासमारग्रस्त कैद्यांपैकी कित्येकांचे अन्न मिळाल्यानंतर प्राण गेले, तेव्हापासून हा प्रकार वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या व्यक्तीस पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून अधिक आहार देऊ नये. दहा दिवसांहून अधिक काळ गेला असल्यास सुरुवात याहूनही पुष्कळ कमी आहाराने आणि रक्ततपासणीच्या सोबतीने करावी. निसर्गोपचार केंद्रातील त्या वृद्ध डॉक्टरांनी तीन दिवसांचे शुल्क कशाचे घेतले, ते येथे स्पष्ट होते.

तिसरा अनुभव आनंदाचा आहे. साठी ओलांडलेल्या एका जैन आजींनी अठ्ठाईचा संकल्प केला. पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी मुलगा, सून आणि आजी असे तिघे आमच्याकडे आले. त्यांचे मूत्रपिंड, हृदय, साखर व क्षार तपासण्यात आले. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी त्या काळापुरती थांबविण्यात आली. व्रत मोडा असे आमच्या डॉक्टरांनी सुचविले नाही. कोणती चिन्हे दिसताच थांबावे लागेल, हे मात्र त्यांनी लिहून दिले, आणि कुटुंबाने त्यास महाराजसाहेबांची संमती आधीच घेऊन ठेवली. सूनबाईंनी एका वहीत रोज रक्तदाब, लघवी किती वेळा, चालताना तोल कसा, हे टिपले. आठ दिवस निर्विघ्न पार पडले. नवव्या दिवशी मुगाच्या पाण्याने पारणे झाले आणि तिथून नेहमीच्या जेवणापर्यंत येण्यास त्यांनी चार दिवस घेतले. ती वही आमच्या दप्तरी प्रत काढून ठेवली आहे. इतके सुबक रोजकीर्द आम्ही व्यावसायिकांकडूनही क्वचितच पाहिले आहे.

या तीन अनुभवांत फरक कशाचा? वयाचा, श्रद्धेचा किंवा निश्चयाचा नव्हे. निश्चय तिघांचाही पक्का होता. फरक एवढाच की आजींचा उपवास चारजणांच्या डोळ्यांदेखत झाला, आणि दुसऱ्या दोघांचा एकट्याने. जगातील जे दीर्घ उपवास सुखरूप पार पडल्याचे आपण वाचतो, त्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी पहारा देणारे होते, असे शोध घेता दिसून येते.

मोबाईलवर वारंवार दाखविले जाणारे उदाहरण स्कॉटलंडमधील अँगस बार्बिएरी यांचे. जून १९६५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, २०७ किलो वजन असताना त्यांनी उपवास आरंभिला आणि तो ३८२ दिवस चालला. वजन ८२ किलोंवर आले, व पाच वर्षांनंतरही ते ८९ किलोच होते. हे सारे खरे आहे. परंतु हा उपवास डंडी येथील मेरीफील्ड रुग्णालयाच्या देखरेखीखाली झाला; त्यांना जीवनसत्त्वे, यीस्ट, व पुढे पोटॅशियम व सोडियम दिले जात होते आणि रक्त व लघवीची तपासणी वारंवार होत होती, हा भाग सहसा गाळला जातो. तसेच त्यांच्या मुदत ठेवीची रक्कम असामान्य होती, हेही. याच्या उलट, १९८१ साली उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगात उपोषण करणाऱ्या दहा तरुण कैद्यांचा मृत्यू ४६ ते ७३ दिवसांत ओढवला. बेताच्या देहयष्टीच्या माणसाची शिल्लक एवढीच असते. बार्बिएरींच्या काळात पाश्चात्त्य रुग्णालयांत लठ्ठपणावर उपासमारीचा उपचार अनेकांवर झाला आणि त्यात काही मृत्यूही घडले. त्यामुळे ती पद्धत पुढे मागे पडली.

आपल्या पुण्याच्या आगाखान राजवाड्यात गांधीजींनी फेब्रुवारी १९४३ मध्ये एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याचा हेतू वजन किंवा प्रकृती हा नव्हता. पण त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांच्या त्या कैद्याजवळ डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर व डॉ. बिधानचंद्र रॉय यांसारखे वैद्यकतज्ज्ञ होते, आणि पाण्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घेण्याची मुभा त्यांनी स्वतःस ठेवली होती. उपवासाचा एवढा अनुभव असलेला पुरुषही तो एकट्याने करीत नसे.

जर्मनीत नौदलातील डॉक्टर ओटो बुखिंगर यांनी १९२० साली उपवासाचे रुग्णालय काढले. त्यांच्या परंपरेतील संस्थेने २०१९ साली, ४ ते २१ दिवस उपवास केलेल्या १,४२२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन, रक्तदाब व साखर यांत सुधारणा दिसली आणि त्रास क्वचित झाले. हा अभ्यास त्याच संस्थेशी संबंधित लोकांनी केला आहे, हे ध्यानात ठेवावे. आणि त्या मंडळींना रस व सूप यांतून रोज २०० ते २५० कॅलरी व सतत वैद्यकीय सोबत मिळत होती, हेही.

पेशी नव्या होण्याविषयी एक शब्द. पेशी आपल्यातील जुनेपाने साहित्य मोडून पुन्हा वापरतात, या क्रियेवरील संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मूळ कार्य यीस्टवर होते. माणसाने अमुक तास उपाशी राहिल्यास अमुक रोग जळून जातो, असा तक्ता त्यातून निघत नाही. असे तक्ते फिरविणाऱ्यांनी नोबेलचे नाव तारण म्हणून ठेवले आहे, इतकेच.

मग लठ्ठ व मधुमेही माणसाने आशा धरू नये काय? अवश्य धरावी. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा मोजका, पण पोषणदृष्ट्या पूर्ण आहार दिला, आणि नंतर नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने परत आणले. वर्षअखेरीस त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना काबूत होता. तेथेही प्रत्येकास ठरावीक भेटी होत्या, आणि मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या आरंभीच थांबवून पुढे लक्ष ठेवले होते. यशाचे गमक पुन्हा सोबत हेच ठरले.

या अनुभवांवरून आपल्या रुग्णालयाने दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली, प्रवेशाच्या केसपेपरवर ‘उपवास: हो/नाही’ या रकान्याऐवजी आता तीन प्रश्न छापले आहेत. किती दिवस? पाण्याव्यतिरिक्त काय घेतले? सोडला केव्हा व कशाने? छपाईचा खर्च नगण्य, उपयोग मोठा. दुसरी, दर शनिवारी दुपारी ‘उपवासपूर्व सल्ला’ सुरू केला आहे. तेथे डॉक्टर व आहारतज्ज्ञ बसतात, शुल्क घेतले जात नाही, आणि व्रत कोणत्या धर्माचे वा कारण कोणते, हे विचारून कोणाची परीक्षा घेतली जात नाही. यासाठीच्या रक्ततपासण्यांचा खर्च आपल्या देणग्यांतून भागतो. अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या खर्चात अशा कित्येक जणांच्या तपासण्या होतात. देणगीदारांना आम्ही देऊ शकू असा याहून चोख परतावा आमच्या पाहण्यात नाही.

कुटुंबीयांनी पुढील गोष्टी घरात लिहून ठेवाव्यात, अशी डॉक्टरांची विनंती आहे.

१. गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुलेमुली, मुळातच कमी वजनाच्या व्यक्ती, खाण्याच्या मानसिक विकारातून गेलेले, तसेच इन्शुलिनवर अवलंबून असलेले, मूत्रपिंडाचे, यकृताचे व हृदयाचे रुग्ण यांनी वजनासाठी दीर्घ उपवास करू नये. वातरक्त किंवा पित्ताशयातील खडे असणाऱ्यांचा त्रास उपवासाने उफाळू शकतो.

२. मधुमेह व रक्तदाबाची औषधे स्वतः चालू ठेवू नयेत आणि स्वतः बंदही करू नयेत. आधी विचारावे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात उपवासात घातक आम्ल साचू शकते, आणि त्या वेळी साखरेचा आकडा जवळजवळ सामान्य दिसतो. घरच्या यंत्रावर विसंबू नये.

३. सतत उलट्या, छातीत धडधड, घेरी, असंबद्ध बोलणे, लघवी फारच कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास उपवास तेथेच थांबवून रुग्णालयात यावे.

४. पाच दिवसांहून अधिक उपवास झाला असल्यास तो पक्वान्नांवर सोडू नये. थोडे, साधे, वारंवार, असा क्रम ठेवावा. आणि त्यानंतरच्या आठवड्यात सूज, धाप किंवा अशक्तपणा आल्यास ‘उपवास तर संपला’ असे म्हणून दुर्लक्ष करू नये.

५. उपवास करणाऱ्याने घरातील निदान एका माणसाला खरे सांगावे. आणि ताट कोरडे दिसल्यास घरातील माणसाने गप्प राहू नये.

या शेवटच्या कलमावर आम्ही विशेष भर देतो. औषधे आपल्या देणगीतून येतात, यंत्रे येतात, खाटा येतात. परंतु ‘आजी, सूनबाई शेवटच्या पोटभर जेवल्या कधी?’ हा प्रश्न विचारण्याची फुरसत आणि आपुलकी कोणत्याही यंत्राबरोबर येत नाही. ती आमच्या सिस्टरांजवळ आहे, आणि घरोघरी आपणांजवळ आहे. शरीराची वही ज्याची त्याची असली, तरी तिची तपासणी दुसऱ्याने केलेली बरी, हे तत्त्व आम्ही हिशेबशास्त्रात शिकलो. ते येथेही लागू पडते.

शनिवारच्या सल्ल्याचे काम आठवड्यातून दोनदा करावे, अशी आमच्या डॉक्टरांची इच्छा आहे. त्यासाठी आणखी एक आहारतज्ज्ञ व तपासण्यांची तरतूद लागेल. आपला आजवरचा उदार हात याही कामी पुढे येईल, असा विश्वास वाटतो.